संप्रेरकांची औषधे आणि औषधचिठ्ठीचे वाचन

मधुमेह, थायरॉईडचे विकार आणि स्टेरॉइडचे उपचार या कारणांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या आपल्या देशातील जवळपास प्रत्येक औषध दुकानात दररोज येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. त्यामुळे औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी पुढे रुग्णालयात काम करो वा एखाद्या लहान गावातील दुकानात, अंतःस्रावी ग्रंथींशी संबंधित औषधे त्याच्या हातून रोज दिली जाणार आहेत.

या औषधांचे एक वैशिष्ट्य आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. त्यांपैकी अनेक औषधे शरीराला परकी नाहीत. इन्सुलिन, थायरॉक्सिन, हायड्रोकॉर्टिसोन ही द्रव्ये निरोगी शरीर स्वतःच तयार करते, अत्यंत अल्प प्रमाणात आणि ठरावीक वेळी. बाहेरून ती देताना मात्रा, वेळ आणि औषध थांबविण्याची पद्धत या तीन गोष्टींत चूक झाली, तर योग्य औषधही घातक ठरते. ही चूक रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी पकडण्याची अखेरची संधी औषधनिर्मात्याकडे असते.

संप्रेरके आणि त्यांचे नियमन

इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम वापरला. मराठीत त्यासाठी ‘संप्रेरक’ हा शब्द रूढ आहे. एखाद्या ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणारे आणि दूरच्या अवयवाच्या कार्यावर परिणाम करणारे रासायनिक द्रव्य, असा त्याचा अर्थ आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, गळ्यातील थायरॉईड अर्थात अवटु ग्रंथी, मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि स्वादुपिंडातील विशिष्ट पेशी ही या संस्थेची प्रमुख केंद्रे होत.

या ग्रंथी एकमेकींवर लक्ष ठेवून असतात. रक्तातील थायरॉईडचे संप्रेरक कमी झाले की पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि थायरॉईडला चालना देते. संप्रेरक पुरेसे झाले की ही चालना कमी होते. म्हणूनच थायरॉईडची गोळी कमी पडत असल्यास टी.एस.एच. वाढलेले दिसते आणि गोळी जास्त होत असल्यास ते घटलेले दिसते. हाच नियम अधिवृक्क ग्रंथींनाही लागू आहे. बाहेरून दीर्घकाळ स्टेरॉइड मिळत राहिल्यास शरीर स्वतःची निर्मिती थांबवते. पुढील बहुतेक सूचनांचे मूळ या एका तत्त्वात आहे.

चिठ्ठीची रचना आणि कायदा

चिठ्ठीच्या आरंभी असलेले ‘आर-एक्स’ हे चिन्ह लॅटिन भाषेतील ‘घ्यावे’ या अर्थाच्या ‘रेसिपी’ शब्दावरून आले आहे. पाठ्यपुस्तकांत त्यास सुपरस्क्रिप्शन म्हणतात. औषधाचे नाव, प्रकार व तीव्रता सांगणारा भाग इन्स्क्रिप्शन, औषधनिर्मात्यासाठी असलेली सूचना सबस्क्रिप्शन आणि रुग्णासाठी असलेली सूचना सिग्नेचुरा या नावाने ओळखली जाते.

१९४५ सालच्या औषधे नियमावलीतील ६५व्या नियमानुसार चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची स्वाक्षरी व दिनांक असावा, रुग्णाचे नाव व पत्ता असावा आणि द्यावयाच्या औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा नमूद असावी. अनुसूची एचमधील औषधांच्या बाबतीत, डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसल्यास एका चिठ्ठीवर एकापेक्षा अधिक वेळा औषध देता येत नाही. लिहून दिलेल्या औषधाच्या जागी स्वतःच्या मर्जीने दुसरे औषध देण्यासही मनाई आहे. औषध दिल्यावर दुकानाचे नाव, पत्ता आणि दिनांक यांची नोंद चिठ्ठीवर करावी लागते. १९४८ सालच्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमानुसार चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच आहे. २०१५ सालच्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समुपदेशन करणे ही कर्तव्ये अधिक स्पष्ट केली.

चिठ्ठीवरील संक्षेपही बहुतांशी लॅटिन आहेत. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा आणि टी.डी.एस. म्हणजे तीनदा. ए.सी. म्हणजे जेवणापूर्वी, पी.सी. म्हणजे जेवणानंतर, एच.एस. म्हणजे झोपताना आणि एस.ओ.एस. म्हणजे गरज भासल्यास. आपल्याकडे १–०–१ अशी सोपी पद्धतही प्रचलित आहे. तिचा अर्थ सकाळी एक, दुपारी काही नाही आणि रात्री एक असा होतो.

आकड्यांच्या लेखनात तीन धोके आहेत. ‘१.०’ असे लिहिल्यास दशांश चिन्ह नजरेतून सुटून ते १० वाचले जाऊ शकते. ‘०.५’ ऐवजी नुसते ‘.५’ लिहिल्यास ते ५ वाटू शकते. मायक्रोग्रॅमचा संक्षेप घाईने मिलिग्रॅम असा वाचला गेल्यास मात्रा हजारपट होते. २०१६ साली भारतीय वैद्यकीय परिषदेने आपल्या विनियमांत दुरुस्ती करून औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असे सांगितले, त्यामागे गैरवाचन टाळणे हाही हेतू होता.

इन्सुलिन : एककांचा प्रश्न

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला मधुमेहावरील उपचार म्हणून इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. फ्रेडरिक बॅंटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तयार केलेला तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात दिलेल्या दुसऱ्या इंजेक्शनचा उत्तम परिणाम दिसला. त्या काळी शुद्ध इन्सुलिनचे वजन करणे शक्य नव्हते. त्यामुळे सशाची रक्तशर्करा किती उतरते यावरून त्याचे सामर्थ्य ठरविण्यात आले आणि मोजमापासाठी ‘एकक’ म्हणजे युनिट स्वीकारले गेले. इन्सुलिन आजही युनिटमध्येच लिहिले जाते.

भारतात इन्सुलिनच्या दोन तीव्रता प्रचलित आहेत. अनेक कुप्यांमध्ये एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. पेनमध्ये वापरायच्या काडतुसांत आणि काही कुप्यांत १०० युनिट असतात. दोन्हींसाठी सिरिंज वेगळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजला सहसा लाल आणि १०० युनिटच्या सिरिंजला नारिंगी टोपण असते.

या फरकाचे गांभीर्य साध्या गणिताने कळते. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहेत. रुग्णाजवळ १०० तीव्रतेची कुपी आणि ४० तीव्रतेची सिरिंज आहे. त्याने २० या खुणेपर्यंत औषध भरले, तर सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर औषध येईल आणि त्यात ५० युनिट असतील. म्हणजे मात्रा अडीचपट झाली. उलट ४० तीव्रतेचे इन्सुलिन १०० तीव्रतेच्या सिरिंजने २० या खुणेपर्यंत घेतले, तर प्रत्यक्षात केवळ ८ युनिट मिळतील. पहिल्या चुकीत रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते, दुसऱ्या चुकीत ती अनियंत्रित राहते. म्हणून कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरील आकडा जुळतो की नाही हे पाहिल्याशिवाय औषध देऊ नये. चिठ्ठीत युनिटसाठी केवळ ‘यू’ हे इंग्रजी अक्षर लिहिले असेल, तर ते शून्य म्हणून वाचले जाण्याची आणि १० युनिटचे १०० होण्याची शक्यता असते. शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे.

इन्सुलिनचे प्रकारही वेगळे ओळखता आले पाहिजेत. लिस्प्रो, अॅस्पार्ट ही शीघ्र काम करणारी इन्सुलिने जेवणाच्या अगदी आधी घेतात. साधे म्हणजे रेग्युलर इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घेतात. आयसोफेन हे मध्यम काळ काम करणारे इन्सुलिन गढूळ दिसते. वापरण्यापूर्वी त्याची कुपी तळहातांत हलकेच फिरवावी, जोराने हलवू नये. ग्लार्जिन आणि डेग्लुडेक दीर्घकाळ काम करतात. ग्लार्जिन पारदर्शक असले तरी ते दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळत नाहीत. ‘३०/७०’ असे लिहिलेल्या मिश्र मानवी इन्सुलिनमध्ये ३० टक्के रेग्युलर आणि ७० टक्के आयसोफेन असते. हे आकडे मात्रेचे नाहीत, हे नव्या रुग्णाला सांगणे आवश्यक आहे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरण्यास योग्य राहत नाही. वापरात असलेली कुपी उन्हापासून दूर, थंड जागी साधारण ४ आठवडे ठेवता येते. नेमका कालावधी प्रत्येक उत्पादनाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. घरी शीतकपाट नसल्यास पाणी भरलेल्या मातीच्या पसरट भांड्यात कोरडी डबी ठेवून तिच्यात कुपी जपण्याची पद्धत उन्हाळ्यात उपयोगी पडते.

मधुमेहाच्या गोळ्या

मेटफॉर्मिन हे अनेक रुग्णांना प्रथम दिले जाणारे औषध आहे. मळमळ आणि जुलाब टाळण्यासाठी ते जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतात. मूत्रपिंडाचे कार्य फारच मंदावले असल्यास ते देत नाहीत. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होऊ शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची रक्तशर्करा सहसा फार खाली जात नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि ग्लिपिझाइड ही औषधे स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात. गोळी घेऊन जेवण टाळल्यास रक्तशर्करा उतरते. या तिघांची नावे सारखी भासली तरी मात्रा भिन्न आहेत. ग्लिमेपिराइडची सुरुवातीची मात्रा १ मिलिग्रॅम असू शकते, तर ग्लिक्लाझाइडची साधी गोळी ८० मिलिग्रॅमची असते.

घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक भूक आणि गोंधळलेपणा ही रक्तशर्करा उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या व्यक्तीस सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा रक्तशर्करा तपासावी आणि ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास हाच उपाय पुन्हा करावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला तात्काळ रुग्णालयात न्यावे. रुग्ण इन्सुलिन किंवा वरील गोळ्यांसोबत व्होग्लिबोज अथवा अकार्बोज घेत असेल, तर साध्या साखरेचा उपयोग उशिरा होतो, कारण ही औषधे आतड्यात साखरेचे विघटन रोखतात. अशा रुग्णाने ग्लुकोजची पूड जवळ बाळगावी.

डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. ती घेणाऱ्यांनी जननेंद्रियाची स्वच्छता राखावी. उलट्या होत असल्यास, उपास करावयाचा असल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरली असल्यास औषध चालू ठेवण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

आठवड्यातून एकदा घ्यावयाची औषधे हा स्वतंत्र सावधगिरीचा विषय आहे. सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन, हाडांच्या ठिसूळपणावरील अॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आणि ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची मात्रा ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. रुग्णाला रोज एक गोळी घेण्याची सवय असते. म्हणून पाकिटावर ‘दर रविवारी’ असा वार लिहून देणे हा सर्वांत सोपा आणि परिणामकारक उपाय आहे.

थायरॉईड : रिकाम्या पोटाचे महत्त्व

एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन वेगळे केले. आज वापरात असलेले लेव्होथायरॉक्सिन हे त्याचेच कृत्रिमरीत्या तयार केलेले रूप आहे. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. २५, ५०, ७५ आणि १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या सर्वत्र मिळतात. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, हे रूपांतर तोंडपाठ असावे.

ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी किंवा न्याहारी घेऊ नये. कॅल्शियम, लोह आणि काही आम्लनाशके तिचे शोषण रोखतात, म्हणून त्यांच्यात ४ तासांचे अंतर ठेवावे. हे औषध रक्तात निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टी.एस.एच. तपासतात. त्यापूर्वी ‘फरक पडत नाही’ म्हणून रुग्णाने स्वतःहून गोळी वाढवू नये. वृद्ध आणि हृदयरोगी रुग्णांना अल्प मात्रेपासून सुरुवात करतात. गर्भवतीने गोळी बंद करू नये, कारण तिची गरज बहुधा वाढलेली असते. अशा स्त्रीस लवकर तपासणीचा सल्ला द्यावा.

थायरॉईडचे कार्य वाढलेले असल्यास कार्बिमाझोल देतात. या औषधामुळे क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. ताप आणि घसादुखी सुरू झाल्यास औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, ही सूचना प्रत्येक रुग्णास देणे अगत्याचे आहे. कार्बिमाझोल आणि अपस्मारावरील कार्बामाझेपिन या नावांत होणारी गल्लतही टाळली पाहिजे. रुग्णाला औषध कशासाठी दिले आहे, हा एक प्रश्न विचारला तरी ही चूक पकडता येते.

स्टेरॉइड : अचानक थांबवू नये

याच केंडॉल यांनी वेगळे केलेले कॉर्टिसोन १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णास दिले. या संशोधनासाठी त्या दोघांना आणि टाडेयुस रायखस्टाइन यांना १९५०चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अनेक स्टेरॉइड औषधे आली. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांचे दाहशामक सामर्थ्य साधारण सारखे असते. म्हणजे डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची मात्रा प्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमइतकी होते. आकडा लहान दिसला म्हणून औषध सौम्य आहे असे समजू नये.

शरीरातील कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक असते. त्यामुळे दिवसातून एकदाची मात्रा सकाळी न्याहारीनंतर देतात. सुमारे ३ आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाने ते अचानक थांबविल्यास अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब घसरणे आणि प्रसंगी मृत्यू ओढवू शकतो, कारण सुप्त झालेल्या अधिवृक्क ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात.

चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड घेण्याची किंमत देशाने पाहिली आहे. २०२० साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत प्राणवायूची गरज असलेल्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोनचा लाभ होतो असे सिद्ध झाले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना तो लाभ दिसला नाही. तरीही २०२१च्या दुसऱ्या लाटेत गरज नसताना, अधिक मात्रेत किंवा अधिक काळ स्टेरॉइड घेतली गेली. त्याच सुमारास म्युकरमायकोसिसचे रुग्ण झपाट्याने वाढले. त्यांपैकी बहुतेकांना मधुमेह होता आणि स्टेरॉइडही मिळाले होते. मे २०२१मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले. त्वचेला लावायच्या स्टेरॉइड मलमांचा गैरवापर वाढल्यामुळे २०१८ साली त्यांपैकी अनेक मलमे अनुसूची एचच्या बंधनाखाली आणण्यात आली होती.

एक चिठ्ठी वाचून पाहू

अभ्यासासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ५२ वर्षांच्या एका महिलेकडे दोन चिठ्ठ्या आहेत. पहिली तिच्या नेहमीच्या डॉक्टरांची आहे. तीत लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम सकाळी, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम न्याहारीपूर्वी आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणानंतर असे लिहिले आहे. दुसरी चिठ्ठी अस्थिरोगतज्ज्ञांची आहे. तीत प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम सकाळी १० दिवस, कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ड जीवनसत्त्व ६० हजार युनिट आठवड्यातून एकदा असे आहे.

प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे निर्दोष आहे. एकत्र वाचल्यावर मात्र प्रश्न उभे राहतात. प्रेडनिसोलोनमुळे रक्तशर्करा वाढेल. रुग्णेला मधुमेह आहे हे दुसऱ्या डॉक्टरांना माहीत आहे काय, हे दूरध्वनीवरून विचारले पाहिजे. त्या दहा दिवसांसाठी मधुमेहाचे औषध वाढविले गेल्यास, स्टेरॉइड संपल्यावर ते पुन्हा कमी करण्याची आठवण द्यावी लागेल, अन्यथा रक्तशर्करा उतरेल. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर घेतल्यास थायरॉईडच्या गोळीशी योग्य अंतर राहील. ड जीवनसत्त्वाचा वार पाकिटावर लिहून द्यावा. यापूर्वी तिने स्टेरॉइड घेतले होते काय, हेही विचारावे. एकच १० दिवसांचा उपचार असेल तर सहसा टप्प्याने कमी करण्याची गरज पडत नाही, परंतु असे उपचार वारंवार झाले असतील तर ती माहिती डॉक्टरांना कळविणे आवश्यक आहे. दहा दिवसांनी तीच चिठ्ठी घेऊन ‘गुडघ्याला आराम पडला, आणखी दहा गोळ्या द्या’ अशी विनंती झाल्यास ती नाकारून तिला डॉक्टरांकडे पाठवावे.

या संपूर्ण पडताळणीला पाच-दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. शंका असेल तेथे औषधनिर्मात्याने स्वतः मात्रा बदलावयाची नसते. त्याने डॉक्टरांशी संपर्क साधावयाचा असतो आणि उत्तर मिळेपर्यंत औषध हातात ठेवावयाचे असते. विद्यार्थ्याने शिक्षणकाळातच एक क्रम अंगवळणी पाडावा. रुग्ण कोण, औषध कोणते, मात्रा कोणत्या मापात, वेळ कोणती, किती दिवस आणि थांबवायचे कसे, या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पाकीट रुग्णाच्या हाती द्यावे. शेवटी रुग्णालाच ‘औषध कसे घेणार ते सांगा’ असे विचारावे. त्याने दिलेल्या उत्तरावरून चिठ्ठीतील सूचना त्याच्यापर्यंत पोहोचली की नाही ते कळते.